कोकम सरबत टिकत नाही? आधी दार कुठलं ते ओळख

अरे, बाटली फसफसली म्हणून थेट दिल्लीला पत्र लिहू नको, मी तेच केलं नि सहा महिने फुकट गेले. सुरुवातीला एवढंच धर:

१) झाड, कलम, रोग असेल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ नाहीतर वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. विद्यापीठ राज्याचं, पण काही प्रकल्पांना पैसा आयसीएआरचा, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेचा. वेंगुर्ला-७ काजू, रत्ना आंबा या जाती वेंगुर्ल्याच्याच.
२) टिकवण, प्रक्रिया असेल तर म्हैसूरची सीएफटीआरआय, म्हणजे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था. ती सीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची), १९५० पासूनची, तयार तंत्रज्ञान फी घेऊन देते, फुकट मिळेल असं समजून जाऊ नको.

आणि हो, रिकाम्या हाताने जाऊ नको रे, फसफसलेली बाटलीच घेऊन जा, वर भरल्याची तारीख नि मीठ-साखर किती घातली ते लिहून. पेटंट-बिटंट नंतर बघू.