वसतिगृहाची यादी आधी, प्रस्ताव नंतर

कोल्हापूर

प्रिय मित्रा,

तुझ्या संशोधन-अनुदानाच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. 'कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण युवकांमधील शैक्षणिक विषमता : एक अभ्यास' हे शीर्षक आधी खोड. विषमता आहे हे निधी देणाऱ्याला ठाऊकच असतं. दुर्गम गगनबावड्यातला पोरगा आणि शहरातल्या ताराबाई पार्कातला पोरगा यांच्यात अंतर आहे, एवढंच सांगायला कुणी पैसे देत नाही, आणि देऊही नयेत. ते अंतर कशानं कमी होतं, किती होतं आणि कुणाचं होतं, हे तपासायला पैसे मिळतात.

न्यूयॉर्कची विल्यम टी. ग्रँट फाउंडेशन ही १९३६ पासूनची संस्था नेमक्या याच कामाला अनुदान देते. वयोगट ५ ते २५, मोठी अनुदानं दोन-तीन वर्षांसाठी १ ते ६ लाख डॉलरची. पण अभ्यास अमेरिकेतल्या मुलांचा हवा, त्यामुळे तिकडे अर्ज करण्यात हशील नाही. त्यांची कसोटी मात्र उसनी घे : विषमता कोणत्या आधारावरची, ती दिसते कशात, उपाय कोणता, आणि तो लागू पडेल असं का वाटतं? या चारही गोष्टी दोन वाक्यांत सांगता येईनात, तोवर बजेटची शीट उघडू नको.

तुझ्याच विषयात बसवून बघू. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड इथली मागासवर्गीय मुलं अकरावीला शहरात येतात आणि मध्येच शिक्षण सोडतात. उपाय म्हणजे सरकारी वसतिगृहातली जागा. कारण असं, की रोजच्या एसटीत जाणारा वेळ वाचतो, जेवणाची आणि भाड्याची चिंता सुटते. कोल्हापुरात हा प्रश्न परका नाही. १९०१ ची व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम, मिस क्लार्क ही वसतिगृहं... शाहू महाराजांनी हाच उपाय शंभरावर वर्षांपूर्वी केला. प्रस्तावात त्याला एक वाक्य दे, दोन पानं नकोत. परीक्षक पहिल्या पानावर इतिहास वाचत बसत नाही.

आता तुझ्या मसुद्यातली मोठी चूक. वसतिगृहातली मुलं आणि बाहेरची मुलं यांची तू थेट तुलना केली आहेस. वसतिगृहाचा प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो, म्हणजे आतली मुलं मुळातच जास्त गुणांची. मग पुढं ती टिकली ती वसतिगृहामुळं की गुणांमुळं? या प्रश्नावर प्रस्ताव तिथंच पडतो. त्याऐवजी कट-ऑफच्या आसपासची मुलं घे. दोन-तीन टक्क्यांनी जागा मिळालेला आणि तेवढ्यानंच हुकलेला, हे दोघे जवळपास सारखेच असतात. फक्त प्रतीक्षा यादी सरकते, तेव्हा प्रत्येक फेरीची यादी हवी. पहिल्याच यादीवर विसंबलास तर 'हुकलेल्यां'तले काही प्रत्यक्षात आतच राहत असतील. शिवाय हुकलेल्या काहींना स्वाधार योजनेचे, म्हणजे वसतिगृहाऐवजी राहण्या-जेवणासाठी सरकार देतं ते, पैसे मिळतात. त्यांचा गट वेगळा ठेव, नाहीतर जागेची तुलना कशाशी केली हेच कळणार नाही.

किती मुलं लागतील? गळती ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली हे दाखवायचं तर साध्या तुलनेत प्रत्येक बाजूला सुमारे २९० (पॉवर, म्हणजे खरा फरक असला तर तो दिसण्याची शक्यता, ८० टक्के; पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता, ५ टक्के). पाचातला एक सापडणार नाही असं धरलं की ३६३. कट-ऑफच्या पद्धतीत याहून बरीच जास्त. एका वसतिगृहात कट-ऑफजवळ वर्षाला १२ मुलं धरली, तर दहा वसतिगृहं आणि तीन वर्षं मिळून होतात फक्त ३६०, तीही दोन्ही बाजूंची मिळून. म्हणजे एकट्या कोल्हापूरवर भागत नाही. सांगली, सातारा जोड आणि जुनी वर्षं घे. हा हिशेब प्रस्तावात उघड मांड, कारण नमुना अपुरा आहे हे परीक्षकाला आधी कळतं आणि तुला नंतर.

याद्या समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात मिळतील. माहिती अधिकारात नावं मागितलीस तर वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८(१)(ञ) दाखवतील. त्यापेक्षा विद्यापीठाच्या पत्रानं परवानगी माग, आणि ते पत्र हातात आल्यावरच अर्ज कर. 'डेटा मिळेल' या वाक्यावर अनुदान मिळत नाही.

हरवलेली मुलं हा खरा त्रास. ज्यांनी शिक्षण सोडलं तीच सापडत नाहीत, आणि मोजायचं असतं तेच. सिम बदलतं, मुलींचं लग्न होऊन नंबरच बदलतो. म्हणून प्रत्येकाचे तीन संपर्क मिळव : आई किंवा वडील, गावातला एक नातेवाईक, एक वर्गमित्र. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं गणपतीला किंवा गावच्या यात्रेला परततात, मुलाखती तेव्हा लाव. जुलै-ऑगस्टमध्ये फील्डवर्क ठेवू नको. २०१९ आणि २०२१ चा पूर आठव.

बजेट दिवसांत मोज, मग रुपयांत. साध्या तुलनेतली दोन्ही बाजूंची ३६३ आणि ३६३ सगळी सापडली असं धर : ७२६ मुलाखती, दिवसाला सरासरी चार, म्हणजे १८० च्या वर माणूस-दिवस. चार सर्वेक्षक असतील तर प्रत्येकाला पंचेचाळीस दिवस. शहरात पाचही होतील, पण चंदगड शंभरावर किलोमीटर, तिथं दोन-तीनच, आणि मुक्कामाचा खर्च. दहा टक्के मुलाखती दुसऱ्याकडून पुन्हा तपासायच्या, म्हणजे आणखी ७३. हे लोक लिहायचं विसरतात आणि मग पगारातून कापतात.

आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे) जाणार असशील तर अर्ज विद्यापीठामार्फत जातो, कुलसचिवांच्या सहीला वेळ धर. पुढचा हप्ता आधीच्या हप्त्याच्या यूसीशिवाय (खर्चाच्या विनियोग प्रमाणपत्राशिवाय) सुटत नाही, त्यामुळे बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लाव. परदेशी पैसा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. ज्या संस्थेच्या नावावर अर्ज जाणार तिनंच काम करायचं, हे आधीच ठरव. आणि अठराच्या आतली मुलं असतील तर पालकांची लेखी संमती, शिवाय मुलाची स्वतःची.

पुढच्या वेळी अख्खा मसुदा पाठवू नको. दहा वसतिगृहांची नावं, प्रत्येकाचे तीन वर्षांचे कट-ऑफ आणि कट-ऑफच्या दोन टक्के वर-खाली किती मुलं होती, एवढं एका कागदावर लिहून पाठव. रकाने रिकामे राहिले तरी चालतील.

तुझा हितचिंतक