संगमेश्वरजवळचं कर्णेश्वर मंदिर: वाट वाकडी करून बघावं का?

तुम्ही विचारलंय की, मुंबईहून गणपतीपुळ्याला जाताना संगमेश्वरात दोन तास मोकळे मिळतील, तर जवळच्या कसबा गावातलं कर्णेश्वर मंदिर बघावं का आणि तिथे नक्की काय बघायचं. जरूर बघा. दोन तास पुरतात, पण घाई करू नका.

माझं आजोळ देवरुखचं. पहिल्यांदा गेलो तेव्हा दर्शन घेतलं, दोन फोटो काढले आणि दहा मिनिटांत बाहेर. पुढच्या खेपेला मामा बरोबर होता. सभामंडपात पोचल्यावर तो म्हणाला, "आडवा हो आणि वर बघ." फरशी गार होती, वर अंधार होता. डोळे सरावले तसे छतावरचे अष्टदिक्पाल हळूहळू दिसू लागले. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो, आधी छत बघा.

दिक्पाल म्हणजे आठ दिशांचे राखणदार. ते वाहनावरून ओळखायचे. हत्तीवर इंद्र ती पूर्व, मेंढ्यावर अग्नी ती आग्नेय, रेड्यावर यम ती दक्षिण. नैर्ऋत्येच्या निर्ऋतीचं वाहन नर. मकरावर, म्हणजे मगरीसारख्या काल्पनिक प्राण्यावर, वरुण पश्चिमेला, हरणावर वायू वायव्येला, उत्तरेला कुबेर आणि नंदीवर ईशान. बारकावे बघायला टॉर्च न्या. प्रकाश समोरून न मारता बाजूने तिरपा टाका, म्हणजे झिजलेली नक्षीही उठून दिसते.

मंदिर साधारण अकराव्या-बाराव्या शतकातलं, चालुक्य शैलीचं मानतात. कर्ण नावाच्या चालुक्य राजाने ते बांधलं अशी परंपरा आहे, गावात पांडवांचीही कथा ऐकाल. मला मात्र तिथला दगड सगळ्यात विलक्षण वाटतो. आपल्याकडे कोकणात घरं, गडगे (दगडी कुंपणं), विहिरी सगळं जांभ्या दगडाचं. जांभा सच्छिद्र, त्यात बोटाची नखं किंवा दागिन्याचे मणी कोरता येत नाहीत. इथे काळा पाषाण आहे, म्हणूनच इतकं नाजूक काम झालं आणि कोकणातल्या इतक्या पावसाळ्यांनंतरही बरंचसं टिकलं. गाभाऱ्याच्या चौकटीपाशीही थांबा. खालून वर एकेक पट्टी बघत जा, उंबरठाही सोडू नका.

एक कळकळीची विनंती. मूर्तींवर तेल ओतू नका, अक्षरं किंवा कोरीव काम दिसावं म्हणून खडू फासू नका. कोकणात कितीतरी जुन्या देवळांत शिल्पांवर ऑइलपेंटचे थर चढलेत. ते बघून जीव तुटतो.

मंदिर नद्यांच्या संगमाच्या परिसरात आहे. वेळ उरला तर संगमावर जा. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज पकडले गेले ते याच संगमेश्वरात, कसब्यात त्यांचं स्मारक आहे. पावसाळ्यात जाणार असाल तर पायऱ्यांवरच्या शेवाळापासून जपा.

मुलं बरोबर असतील तर त्यांना वाहनं शोधायला लावा. माझ्या भाच्याला आधी मकर सापडला. बाहेर आल्यावर मी विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला? त्याने लगेच हात केला, अगदी बरोबर दिशेला.