डॉल्फिन-कासव असलेली छोटी सोन्याची नाणी गुंतवणूक म्हणून घ्यावीत का?

गुंतवणूक म्हणून नको, हौस म्हणून खुशाल घ्या. अशी बरीच नाणी अर्धा ग्रॅम किंवा औंसाचा पंचविसावा भाग, म्हणजे साधारण १.२४ ग्रॅमची असतात, आणि अर्ध्या ग्रॅमवालं तर जेमतेम ११ मिमी, शर्टाच्या बटणाएवढं! आता एवढ्याशा नाण्यालाही डाय (नाणं पाडायचा ठसा), पॉलिश, कॅप्सूल (नाण्याची पारदर्शक डबी), सर्टिफिकेट सगळं लागतंच, त्यामुळे सोन्याच्या भावावर प्रीमियम, म्हणजे वरचा जादा आकार, टक्क्यात बघितला तर मोठ्या नाण्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, आणि विकताना तो बहुतेक वेळा परत मिळत नाही, डीलर वजनाचाच भाव देतो.

पलाऊ या पॅसिफिकमधल्या छोट्या देशाची १९९२ पासूनची सागरी जीव मालिका बघा, मला तीच आवडते. तिथे रोजचा व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये, म्हणजे ही नाणी कलेक्टरसाठीच. आणि याच देशाने २००९ मध्ये जगातलं पहिलं शार्क अभयारण्य जाहीर केलं, तेव्हा थीम उगाच चिकटवलेली नाहीये.

घेताना शुद्धता आणि वजन लिहिलंय का बघा, 'गोल्ड प्लेटेड' असेल तर सोडा. आणि कॅप्सूल उघडू नका, शुद्ध सोनं मऊ असतं, लगेच चरे पडतात.