वाचकांचे प्रश्न : मीटरची तबकडी बदलताना काटा कसा काढावा?

प्रश्न : वडिलांनी 1997 साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर मी आजही वापरतो. गाडीची काहीच तक्रार नाही. परंतु उन्हाने मीटरची तबकडी पिवळी पडली आहे आणि आकडे पुसट झाले आहेत. नवी तबकडी आणून ठेवली आहे, पण काट्याला हात लावण्याचा धीर होत नाही. माझ्या मित्राच्या गाडीचा काटा एका मिस्त्रींनी पेचकसाने उचकटला, तेव्हापासून ती गाडी जागेवर उभी असतानाही दहाचा वेग दाखवते. काटा काढण्याची योग्य रीत कोणती? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काटा काढणे हे या कामातले सोपे अंग आहे. तो पूर्वी नेमका कुठे बसलेला होता हे काढण्याआधी टिपून ठेवणे, हे खरे काम. आपल्या मित्राच्या गाडीचे जे झाले ते बहुधा ही नोंद न घेतल्यामुळे, किंवा काटा पिळला जाऊन आतली स्प्रिंग ताणली गेल्यामुळे झाले असावे.

केबलवर चालणाऱ्या मीटरची आतली रचना ऑटो शुल्झे यांनी 1902 साली पेटंट घेतलेल्या तत्त्वावरचीच असते. पुढच्या चाकाकडून येणारी केबल एक लोहचुंबक फिरवते. त्याच्याभोवती, त्याला न चिकटता, ॲल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ती चुंबकामागे ओढली जाते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जिथे मेळ बसतो तिथे काटा स्थिरावतो. काटा ज्या दांडीवर दाबून बसवलेला असतो ती याच वाटीची असल्यामुळे, काटा पिळला की तो पीळ थेट स्प्रिंगला बसतो.

आता मेख अशी, की शून्यावर टेकलेला काटा पुष्कळदा आपल्या मर्जीने तिथे थांबलेला नसतो. स्प्रिंग त्याला आणखी खाली ओढत असते आणि तबकडीवरची छोटी खुंटी त्याला अडवून धरते. काटा उपटताच दांडी मोकळी होऊन मागे फिरते. मग तोच काटा खुंटीला टेकवून पुन्हा दाबला, तर जेवढी दांडी मागे गेली तेवढा वेग मीटर कायम जास्त दाखवते. म्हणून काच उघडल्यावर प्रथम काट्याचे टोक कागदाच्या कपट्याने अलगद उचलून खुंटीवरून पलीकडे न्यावे, त्याला हवे तिथे जाऊ द्यावे आणि तो निवांत थांबला की त्या जागेची खूण करावी. ही खूण तबकडीवर करू नये, कारण तबकडीच तर निघणार आहे. मीटरच्या डब्याच्या काठावर चिकटपट्टी लावून तिच्यावर बारीक पेनने रेघ ओढावी. शिवाय मोबाइल अगदी वरून सरळ धरून एक छायाचित्र घ्यावे. तिरक्या छायाचित्रात काटा दोन-चार अंश सरकलेला दिसतो.

हेच छायाचित्र आणखी एका कामाला येते. त्यावर कोनमापक ठेवून शून्यापासून 40 आणि 60 पर्यंतचे कोन मोजावेत आणि नव्या तबकडीवर तेच कोन येतात का ते पाहावे. दिखाऊपणासाठी वरचा आकडा वाढवलेल्या तबकड्या बाजारात सर्रास मिळतात. त्यांवरच्या रेघा दाटीने असतात, आतली स्प्रिंग मात्र जुनीच राहते. अशी तबकडी कितीही देखणी असली तरी माझ्या मते ती दुकानदाराला परत करावी.

प्रत्यक्ष काटा काढताना तबकडीवर पत्त्यांतली दोन पाने दोन्ही बाजूंनी सरकवावीत, त्यांवर दोन चहाचे चमचे पालथे टेकवावेत आणि त्यांच्या कडांनी काट्याचा मधला गोल भाग दोन्हीकडून सारख्या जोराने सरळ वर उचलावा. एकाच बाजूने रेटले की दांडी वाकते. काटा हटत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा थोडा वेळ द्यावी. तेल मात्र सोडू नये, कारण ते ओघळून वाटीच्या टेकणीपर्यंत जाते आणि नंतर धूळ धरते. किलोमीटरचे आकडे समोर उघडे पडतील, त्यांना हात लावू नये.

नवी तबकडी बसल्यावर काटा खुणेच्या रेघेवर, मोकळ्या दांडीवर हलकेच टेकवावा आणि मग उचलून खुंटीच्या अलीकडे आणावा. काट्याच्या गोल भागाखाली पत्त्याचे एक पान सहज सरकेल एवढी फट ठेवावी. केबल जोडून, गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक हाताने फिरवावे; काटा न अडखळता चढला आणि परत खुंटीवर आला, तरच काच बंद करावी.

शेवटची परीक्षा रस्त्यावर. काटा 60 वर स्थिर ठेवून किलोमीटरच्या दोन दगडांमधले अंतर मागे बसलेल्याने घड्याळावर मोजावे. साठ सेकंद यावेत. पाच-सहा जास्त आले तरी हरकत नाही, कारण मीटर मुळातच थोडे पुढे दाखवणारे केलेले असते. 80 सेकंद लागले तर खरा वेग 45 आहे, आणि काटा पुन्हा काढावा लागेल.

प्रश्न : माझ्याकडे 1940 च्या दशकातली ब्रिटिश मोटरसायकल आहे. तिच्या तबकडीवरचे चमकते आकडे आता अंधारात दिसत नाहीत. ते खरवडून नव्याने रंगवावेत काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खरवडू नयेत. आपण आज परावर्तक पट्टीला ‘रेडियम’ म्हणतो, पण त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या रंगात खरोखरचे रेडियम असे. चमक जाते ती रंगातले झिंक सल्फाइड थकल्यामुळे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षांचा असल्यामुळे त्याचा किरणोत्सार तसाच राहतो, आणि खरवडलेली भुकटी श्वासातून जाणे घातक असते. मीटर न उघडता तसेच राहू द्यावे आणि वापरासाठी दुसरे मीटर बसवावे.