ठाण्यात घरी कॉफी वापरून कॅमेऱ्यातला ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल धुता येईल का?

येतो की! याला कॅफिनॉल म्हणतात. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ही युक्ती निघाली. काम कॅफिन नाही, कॉफीतलं कॅफेइक आम्ल करतं.

एक लिटर पाण्यात आधी ५४ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा, मग १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी पावडर, शेवटी ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी. २० अंशांना १५ मिनिटं. हे १०० आयएसओपर्यंतच्या (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील ते) रोलसाठी. ४०० असेल तर फॉग, म्हणजे फिल्मवर येणारी करडी झाक, टाळायला १ ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड घाला.

कॉफीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा, चिकोरीवाली नको. खायचा सोडा तसाच टाकून चालत नाही. धुण्याच्या सोड्याचे पारदर्शक खडे मिळाले तर त्यात पाणी धरलेलं असतं, वजन साधारण २.७ पट घ्या.

खरी डोकेदुखी तापमानाची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला गरमच येतं, त्यामुळे द्रावणाची बाटली बर्फाच्या बादलीत ठेवून थर्मामीटर लावा. वास भयंकर येतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. फिक्सर, म्हणजे नंतर चित्र पक्कं करणारं रसायन, मात्र विकतचाच आणा, तिथे स्वयंपाकघरातले प्रयोग नकोत.