सार्वमत की जनमत चाचणी?

नागपुरात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न : ‘१९९२ साली स्वित्झर्लंडने जनमत चाचणीत युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार नाकारला’ हे वाक्य बरोबर आहे का?

घटना बरोबर, शब्द चुकला. जनमत चाचणी म्हणजे हजार-दोन हजार लोकांना विचारून काढलेला अंदाज. सरकारने तो कानाआड केला तरी चालतं. इथे हवं ‘सार्वमत’, म्हणजे एका प्रश्नावर देशभरच्या मतदारांनी केलेलं अधिकृत मतदान. मे १९९२ मध्ये स्विस सरकारने या करारावर, म्हणजे युरोपच्या सामायिक बाजारपेठेत शिरण्याच्या करारावर, सही केली होती. ६ डिसेंबरला ५०.३ टक्के मतदार ‘नाही’ म्हणाले आणि प्रवेश बारगळला. सही वेगळी, अनुसमर्थन (करार पाळायला देशाने दिलेली अंतिम मान्यता) वेगळं, आणि सार्वमत या दोहोंच्या मधे येतं. म्हणून स्विस वाटाघाटकार ‘घरी विचारावं लागेल’ म्हणतो तेव्हा ती नेहमीच टाळाटाळ नसते.

‘सर्वमत’ मात्र लिहू नका. यातला ‘सार्व’ सार्वजनिकमधला. मत सगळ्यांनी द्यायचं, ते एकच असावं असं नाही. त्यासाठी ‘सर्वानुमते’ आहे. ‘लोकमत’ म्हणजे लोकभावना (नागपूरकराला आधी लोकमत चौक आठवतो, ते सोडा). वेगळ्या विदर्भासाठी संघटनांनी मतपेट्या ठेवून जे घेतलं, तो ‘जनमत कौल’. कारण घटनेच्या कलम ३ प्रमाणे नवं राज्य संसद करते, त्या पेट्यांना कायद्याचं बळ नाही.

प्रकारही सांगावा. संसदेने मंजूर केलेल्या महत्त्वाच्या करारांवर १०० दिवसांत ५० हजार सह्या जमल्या तर ऐच्छिक सार्वमत, तिथे साधं बहुमत पुरतं. सामूहिक सुरक्षेच्या संघटनेत शिरायचं तर दुहेरी बहुमत लागतं, मतदारांचं आणि कँटनांचंही (कँटन म्हणजे स्वित्झर्लंडचं घटकराज्य). २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी ५४.६ टक्के ‘हो’ पडले, पण कँटनांचा हिशेब १२ विरुद्ध ११! (कँटनं २६, मतं २३, सहा कँटनांना अर्धंच मत.) कँटनला ‘जिल्हा’ म्हणू नये, कँटनच ठेवावं.

१८ महिन्यांत एक लाख सह्या जमवून लोक स्वतःच घटनादुरुस्ती सुचवतात, त्याला पुस्तकांत ‘उपक्रम’ म्हणतात. मला पटत नाही, वृक्षारोपण वाटतं. ‘जनप्रस्ताव’ बरा. फेब्रुवारी २०१४ मध्ये अशाच जनप्रस्तावाने स्थलांतरितांवर कोटा लावायचं ठरलं, योगायोगाने तेही ५०.३ टक्क्यांनी, आणि युरोपीय संघाशी आधीच झालेल्या मुक्त वावराच्या कराराशी ते थेट भिडलं.