माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारात किंग यांनी नेमके काय केले?

प्रश्न : माँटगोमेरीचा बस-बहिष्कार मार्टिन ल्यूथर किंग यांनी घडवून आणला, असे आम्ही शाळेत शिकलो. अलीकडे मात्र तो तेथील स्त्रियांनी सुरू केला आणि किंग यांना आयते नेतृत्व मिळाले, असे वाचनात आले. यातले खरे काय मानावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहिष्काराची सुरुवात किंग यांनी केली नाही, हे खरे आहे. त्यांना नेतृत्व आयते मिळाले, हे मात्र अर्धेच खरे आहे.

माँटगोमेरी ही अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी. तेथे बसमधील पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव असत. मधल्या रांगांत कृष्णवर्णीयांना बसता येई. पण गोऱ्या प्रवाशांची गर्दी वाढली की चालक त्यांना उठवी, आणि दोन्ही वर्णांच्या माणसांनी एका रांगेत बसणे मान्य नसल्यामुळे एका गोऱ्यासाठी रांगेतल्या चौघांनाही उभे राहावे लागे. या अपमानाविरुद्ध ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही कृष्णवर्णीय स्त्रियांची संघटना आधीपासून झगडत होती. तिच्या अध्यक्षा जो अॅन रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवीत. बसवर बहिष्कार घातला जाऊ शकतो, असा इशारा त्यांनी मे १९५४मध्येच महापौरांना पत्राने दिला होता. मार्च १९५५मध्ये क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला जागा न सोडल्याबद्दल अटक झाली. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली, ती त्यानंतर. पार्क्स एका दुकानात शिवणकाम करीत, हे आपल्याला ठाऊक असते. पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संस्थेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले होते, हे सहसा सांगितले जात नाही. दमलेली बाई योगायोगाने बसून राहिली, ही गोष्ट ऐकायला गोड असली तरी त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

त्याच रात्री रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर हजारो पत्रके सायक्लोस्टाइल करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी ती शहरभर वाटली गेली. पार्क्स यांना जामिनावर सोडवून आणण्यात एडगर निक्सन पुढे होते. ते रेल्वेच्या शयनयान डब्यांत सेवक म्हणून काम करीत आणि कामगार संघटनेत मुरलेले होते. सोमवारी, ५ डिसेंबरला, बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. बहिष्कार पुढे चालू ठेवण्यासाठी त्या दुपारी ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी किंग यांची निवड झाली. ते तेव्हा अवघे २६ वर्षांचे होते.

त्यांनाच का निवडले, याची कारणे व्यावहारिक होती. डेक्स्टर अॅव्हेन्यू बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ते १९५४मध्येच या शहरात आले होते, त्यामुळे स्थानिक गटबाजीत ते कोणाचे नव्हते आणि कोणाच्या विरोधातही नव्हते. त्यांचा पगार कृष्णवर्णीय भाविकांच्या वर्गणीतून येई, म्हणजे कोणी गोरा मालक त्यांना कामावरून काढू शकत नव्हता. उलट रॉबिन्सन यांची नोकरी सरकारी कॉलेजात होती आणि त्यांना उघडपणे पुढे येणे परवडणारे नव्हते. चळवळ फसली तर या तरुणाला दुसरे गाव गाठता येईल, असाही विचार काहींच्या मनात असावा, असे म्हटले जाते.

इथवर नेतृत्व आयते आले, असे म्हणता येईल. त्यानंतर जे करायचे होते ते मात्र आयते नव्हते. एका दिवसाचा बहिष्कार पत्रकांनी होतो. तो ३८१ दिवस टिकवायला रोजची व्यवस्था लागते. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमधील भाषणासाठी किंग यांना तयारीला जेमतेम वीस मिनिटे मिळाली होती, तरीही खच्चून भरलेल्या त्या सभेने बहिष्कार चालू ठेवण्याचा कौल दिला. पुढे वर्षभर आठवड्यामागून आठवडे अशा सभा होत राहिल्या. कामावर जाणाऱ्यांसाठी सुमारे तीनशे खाजगी मोटारींची सामायिक वाहतूक उभी राहिली. बॅटन रूज शहरात १९५३मध्ये झालेल्या बहिष्काराचा अनुभव तिच्यासाठी उपयोगी पडला. मोटारींचे विमे रद्द होऊ लागले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीने इतर स्त्रियांसह केक आणि जेवण विकून पैसा उभा केला. ही सगळी कामे किंग यांनी केली नाहीत. ती करणाऱ्यांना एकत्र ठेवणे, हे त्यांचे काम होते.

जानेवारी १९५६मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी एक डाव टाकला. संघटनेशी संबंध नसलेल्या तीन धर्मोपदेशकांना गाठून, समझोता झाला आहे, अशी बातमी त्यांनी रविवारच्या वृत्तपत्रासाठी दिली. आदल्या रात्री याची कुणकुण लागताच किंग आणि त्यांचे सहकारी शहरातल्या मद्यगृहांमधून हिंडले आणि बातमी खोटी असल्याचे लोकांना सांगत राहिले. चर्चच्या व्यासपीठावरचे किंग सर्वांना ठाऊक आहेत; मला हे रात्री हिंडणारे किंग अधिक बोलके वाटतात. सोमवारी बसगाड्या पुन्हा रिकाम्याच धावल्या.

३० जानेवारीच्या रात्री ते सभेत असताना त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी घरात होत्या, दोघी वाचल्या. हत्यारे घेतलेला संतप्त जमाव घरासमोर जमला, तेव्हा किंग यांनी ओसरीवर उभे राहून लोकांना शस्त्रांसह घरी परतायला सांगितले. त्या रात्री रक्त सांडले असते, तर बहिष्कार मोडून काढायला सरकारला निमित्त मिळाले असते.

प्रश्न : बसमधील भेदभाव शेवटी न्यायालयाच्या निकालाने संपला. मग बहिष्काराचा आणि किंग यांच्या नेतृत्वाचा उपयोग काय झाला? – एक वाचक, नाशिक

उत्तर : निकालाने संपला, हे बरोबर आहे. रोझा पार्क्स यांचा फौजदारी खटला राज्याच्या न्यायालयांत अडकून पडण्याची भीती होती. म्हणून वकील फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या न्यायालयात वेगळा दावा दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, सुझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि आधी उल्लेख केलेली क्लॉडेट कॉल्विन अशा वादी त्यात होत्या. ५ जून रोजी तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

पण बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या पाहा : चालकांनी सभ्यपणे वागावे, गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून, येईल त्या क्रमाने बसावे, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. विभागणी मोडण्याची मागणी त्यांत नव्हतीच. कारभाऱ्यांनी इतकेही नाकारले, वर बॉम्ब पडले, म्हणून लढा संपूर्ण समतेच्या दाव्यापर्यंत गेला. बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय असल्यामुळे कंपनीला तोटा सोसवेना, पण कारभारी हटले नाहीत. फेब्रुवारीत बहिष्कारविरोधी जुन्या कायद्याखाली सुमारे नव्वद जणांवर आरोप ठेवले गेले. त्यांपैकी खटला फक्त किंग यांच्यावर चालला आणि त्यांना ५०० डॉलरचा दंड झाला. या खटल्यामुळेच माँटगोमेरीचे नाव देशभर गाजले. निकालाचा आदेश शहरात पोहोचल्यावर २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, आणि त्यानंतरही बसगाड्यांवर गोळीबार झाला. त्या दिवसांत संयम राखणारा समाज वर्षभराच्या सभांमधून तयार झाला होता.

प्रश्न : किंग यांनी हा लढा गांधीजींपासून प्रेरणा घेऊन उभारला का? – एक वाचक, मुंबई

उत्तर : विद्यार्थिदशेत त्यांनी गांधीजींविषयी ऐकले-वाचले होते, पण पहिल्या दिवसांतली त्यांची भाषा ख्रिस्ताच्या प्रेमाची होती. या बहिष्काराची मिठाच्या सत्याग्रहाशी जाहीर तुलना करणारे पत्र डिसेंबर १९५५मध्येच स्थानिक वृत्तपत्रात छापून आले, ते ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल स्त्रीचे होते. बॉम्बहल्ल्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याचा परवाना मागितला होता. तो मिळाला नाही. त्यांच्या घरात त्या वेळी बंदुका होत्या. भारतात येऊन गेलेले बायर्ड रस्टिन फेब्रुवारी १९५६मध्ये माँटगोमेरीत पोहोचले. त्यांच्याशी आणि इतर शांततावादी कार्यकर्त्यांशी झालेल्या चर्चांमधून अहिंसा ही किंग यांच्यासाठी केवळ लढ्याची युक्ती न राहता जगण्याची निष्ठा होत गेली आणि घरातल्या बंदुका गेल्या. १९५९मध्ये ते कोरेटांसह भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांचा मुक्काम गावदेवीच्या मणिभवनात, म्हणजे गांधीजी मुंबईत जेथे उतरत त्या घरात, होता.